मेजरांच्या सौजन्याने

कृष्णातला सगळं गाव मेजर म्हणायचं. फौजेतनं तो हवालदार म्हणून उतरला होता, तेही गाडी चालवणारा हवालदार. पण रहिमतपुराहून औंधाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात फौजेतनं परतलेला प्रत्येक गडी मेजरच असतो. पहिल्या वर्षी त्यानं एकदोघांना "आवं, मेजर न्हाई मी" असं सांगूनही बघितलं होतं. मात्र सांगताना आवाज इतका बारीक काढला, की ऐकणाऱ्याला तो खोकला वाटला. पुढं त्यानं खोकणंही सोडलं.

मोठेपणाची हाव वाईट, असं तो स्वतःच पारावर बसून लोकांना सांगायचा. सांगताना चार माणसं जास्त जमली तर बरं, असंही त्याला वाटायचं.

या मेजराला टिलर हवा होता. गोठ्यातले बैल कधीच गेले होते. भाड्याचा ट्रॅक्टरवाला "उद्या येतो" म्हणून गायब व्हायचा. आणि घराखालची रानाची तळपट्टी इतकी चिंचोळी, की मोठा ट्रॅक्टर आत शिरलाच तर वळायला शेजाऱ्याचं रान मागायचा. टिलर म्हणजे दोन्ही हातांनी मुठी धरून मागनं चालायचं यंत्र, ट्रॅक्टरचं शेंडेफळ. सरकार त्यावर अनुदान देतं हे कृष्णातला ठाऊक होतं. बायकांना जास्त देतं, हे नानासोनं सांगितलं.

नानासो म्हणजे गावचा उपसरपंच आणि कृष्णातचा शाळासोबती. चहाच्या हॉटेलात बसून तो सगळ्या योजना तोंडपाठ म्हणायचा.

"गड्या, बायकूच्या नावावर अर्ज टाक," तो म्हणाला. "निम्मं सरकार देतंय. तुझ्या नावावर टाकलास तर टक्का घसरतोय."

"तिच्या नावावर रान कुठं हाय?"

"मग चढव की! तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकूचं नाव लागतंय. तळपट्टीला लाव. तुझं काय जातंय त्यात?"

'तुझं काय जातंय' हे शब्द कृष्णातला फार पटले. घरी चालत येताना त्यानं सगळं मनात जुळवून टाकलं. नाव तिचं, टिलर माझा आणि रान तर माझंच. फौजेत असता तर याला त्यानं डावपेच म्हटलं असतं.

विजयमाला अंगणात कुरडया घालत होती. चैत्राचं ऊन कडक, पांढऱ्या धोतरावर कुरडयांची फुलं ओळीनं उमललेली, आणि ती सोऱ्या दाबत गुडघ्यांवर पुढं पुढं सरकत होती. ती तासगावाकडची. तिच्या माहेरी हळद पिकायची. माघात कढया चढल्या की वाफेबरोबर असा काही दरवळ उठतो की सगळ्या शिवाराला लग्नघराचा वास येतो, असं ती सांगायची. सासरी आल्यापासून तिनं बघितला तो ऊस. उसापुढं ऊस, उसामागं ऊस, आणि ऊस तुटून गेला की त्याचाच खोडवा. वर्षातनं एकदा तरी ती तळपट्टीच्या बांधावर उभी राहून म्हणायची, "हितं हळद लय झ्याक यील." वर्षातनं तेवढ्याच वेळा कृष्णात म्हणायचा, "बघू." आणि बघायचा उसाकडं.

त्यानं अर्जाचं सांगितलं तेव्हा तिनं सोऱ्या थांबवला.

"म्हंजे तळपट्टी माझी व्हनार?"

"कागदावर."

"आन कागदाच्या खाली?"

"खाली आपलीच की."

"मग औंदा तिच्यात हळद लावूया का?"

कृष्णात मोठ्यानं हसला. "अगं, सरकार टिलरला पैसं देतंय, हळदीला न्हाई. तळपट्टीत ऊसच. तू सही कर."

तिनं हात पदराला पुसले, सावकाश पूर्ण नावाची सही केली आणि सहीखाली एक रेघ ओढली, शाळेत बाईंनी शिकवलेली, ठसठशीत. हळदीचं तिनं पुन्हा काढलं नाही. ती रेघ बघून कृष्णातला कुठंतरी टोचलं, पण कागदाची घडी घातली की असलं टोचणं आत दुमडून जातं. तळपट्टीत या हंगामात कुणाच्या मनातलं उगवायचं, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि त्याच्या लेखी तो केव्हाच सुटला होता.

सातबाऱ्यावर नाव चढल्याची बातमी नानासोनं ग्रामपंचायतीत फोडली आणि मेजराचा सत्कार ठरला. शाल, नारळ, फेटा. मागं फ्लेक्स, त्यावर कृष्णातचा फौजेतल्या टोपीतला फोटो. कृष्णातनं भाषण केलं. घरात कधी न बोललेल्या शुद्ध भाषेत तो म्हणाला, "स्त्री ही केवळ गृहिणी नसून शेतकरी आहे. जमिनीवर तिचा हक्क आहे." टाळ्या पडल्या. तालुक्याच्या वार्ताहरानं फोटो काढला. व्यासपीठावर झाडून सगळे होते, फक्त विजयमाला नव्हती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. घरी येणाऱ्या माणसांच्या चहाला दूध पुरेल का, ते ती बघत होती. हे कृष्णातच्या ध्यानात आलं ते रात्री शालीची घडी घालताना. मग त्यानं ते ध्यानातनं काढून टाकलं आणि फोटो बरा आलाय का ते मोबाईलवर पुन्हा एकदा बघितलं.

अर्ज मंजूर झाला. दुकानदाराकडं पैसे भरून रहिमतपुरातनं टिलर आणला. लालभडक, नवाकोरा. विजयमालानं त्याला ओवाळलं, कुंकू लावलं, मुठींना दोरा बांधला. पुढच्या दिव्यापाशी लिंबू-मिरची लोंबली. आणि मग आमच्या भागात नवं यंत्र आणलं की जे केल्यावाचून कुणाला झोप लागत नाही, ते करायला कृष्णात टिलर छोट्या टेम्पोत घालून बिरदेव पेंटरकडं घेऊन गेला.

फ्लेक्स आल्यापासून बिरदेवचा धंदा बसला होता. तरी ट्रॉलीवर, टँकरवर, टिलरवर अजून त्याचाच ब्रश फिरायचा. त्यानं टिलरभोवती एक फेरी मारली.

"बोला मेजर, काय लिहायचं?"

कृष्णातनं पापणी लवण्याइतकाही विचार केला नाही. "म्होरं 'आई यमाई प्रसन्न'. आन पट्ट्याच्या झाकनावर मोठ्ठं 'मेजर'. पिवळ्यात. काळी सावली दे."

बिरदेवनं सावली दिली, कडेला एक मोरही फुकट दिला. टिलर गावातनं घरी आला तेव्हा मोर आणि मेजर दोघं उन्हात झळकत होते.

दुसऱ्या दिवशी विजयमालाचा मोबाईल वाजला. ती गोठ्यात होती. फोन कृष्णातनं घेतला.

"विजयमालाबाई बोलताय का?" पलीकडं एक तरुण, शहरी आवाज होता.

"व्हय, मीच बोलतोय."

"मीच म्हणजे?"

"म्हंजे... त्यांच्या वतीनं."

तो आवाज भार्गवीचा होता, नव्यानं आलेल्या कृषी सहायक बाईंचा. ती मूळची वाईची. ती म्हणाली, "परवा सकाळी तपासणीला येते. काकूंनी टिलर स्वतः चालवून दाखवायचा, मी व्हिडिओ घेईन. काही ठिकाणी नाव बाईचं आणि यंत्र भलत्याचंच निघालं. म्हणून मी आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय शिफारस करत नाही. नाहीतर अनुदान थांबेल."

फोन ठेवतो तोवर नानासो टिलर बघायला दारात हजर. त्यानं पट्ट्याच्या झाकणाकडं बघितलं, मग कृष्णातकडं, आणि हसत हसत ओट्यावर बसकणच मारली.

"काय हसतुयास?"

"सरकारला सांगतोस टिलर बायकूचा, आन त्याच्या पोटावर नाव तुझं! आरं, घोड्याला डाग द्यावा तसा दिलायस की रं!"

कृष्णातनं झाकणाकडं बघितलं. खरंच होतं. कालपासून त्याला ते दिसलंच नव्हतं, कारण ते अक्षर बघताना प्रत्येक वेळी त्याचे डोळे समाधानानं अर्धे मिटलेले असायचे.

टेम्पो पुन्हा बिरदेवकडं. बिरदेवनं लाल रंगाचा हात मारून मेजर झाकला. मोर तेवढा राहिला.

"आता काय लिहू?"

"आमच्या घरच्यांचं नाव."

"नाव काय वैनींचं?"

कृष्णात इकडं तिकडं बघायला लागला. बायकोचं नाव त्यानं लग्नात ताटापुढं एकदाच घेतलं होतं, तेही आत्यानं पाठीत ढोसलं म्हणून. त्यानंतरचा सगळा संसार 'अगं', 'ऐकलं का' आणि नुसत्या खाकरण्यावर चालला होता. खाकरण्याचेही प्रकार होते. चहाचं वेगळं, पाहुणे आल्याचं वेगळं. बिरदेवसमोर खाकरून भागणार नव्हतं.

"विजयमाला," तो पुटपुटला.

"आँ?"

"विजयमाला!"

समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. कृष्णातचे कान तापले. भर बाजारात आपला सदरा काढून घेतल्यासारखं त्याला झालं.

बिरदेवनं सुरेख लिहिलं. 'सौ. विजयमाला'. काना, वेलांटी, मात्रा, प्रत्येकाला काळी सावली. मग तो मागं सरकून, मान तिरकी करून म्हणाला, "झाकन मोठं हाय. खाली मोकळं मोकळं दिसतंय. तुमचं कायच नको?"

इथं शहाणा माणूस 'नको' म्हणाला असता. पण कृष्णातच्या डोळ्यांपुढनं एसटीची शेड गेली, शाळेतली बाकं गेली, देवळापुढच्या पाण्याच्या टाक्या गेल्या. प्रत्येकावर खाली कुणा ना कुणाचं नाव होतंच. त्यानं घसा साफ केला.

"खाली बारीक लिही. 'मेजर यांच्या सौजन्याने'."

"बारीक म्हंजे किती?"

"वाचता आलं पायजे," कृष्णात म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्यानं विजयमालाला टिलर शिकवायला घेतला. फौजेत त्यानं कितीतरी रंगरूट पोरांना गाडी शिकवली होती, त्यामुळं शिकवायचं कसं याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नव्हती. त्यानं तिला अंगणात ताठ उभं केलं आणि ओरडायला सुरुवात केली.

"मूठ पकड! नजर समोर! क्लच! अगं क्लच, क्लच!"

"आवं, वरडून यंत्राला कळतंय व्हय?"

"यंत्राला न्हाई, तुला कळावं म्हनून वरडतोय!"

"मला तर आवाजच ऐकू येतोय नुस्ता. त्यातलं काय करायचं ते कायच न्हाई."

"सर बाजूला. बघ कसं करायचं ते."

टिलरला सुकाणू नसतं. ज्या अंगाला वळायचं त्या अंगाचा खटका मुठीखाली हलकेच दाबायचा, की तो आपणहून वळतो. दुकानदारानं हे कृष्णातला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा कृष्णात "ठाऊक हाय" म्हणाला होता. लडाखच्या घाटात बर्फावरनं फौजेचे ट्रक काढलेल्या माणसाला टिलर काय सांगायचा? तो निघाला. अंगण घरामागं उताराचं. समोर गोठ्याची भिंत आली. कृष्णातनं खटका सोडून दिला आणि छातीच्या जोरावर मुठी पिळल्या, जणू ट्रकचं चाकच फिरवतोय. टिलरला ते मान्य नव्हतं. तो उतारानं सरळ निघाला, मुठींना लोंबकळलेल्या मेजराला घेऊन, आणि उकिरड्यात पोचल्यावर घरी आल्यासारखा शांत झाला.

कृष्णात मांडीपर्यंत शेणात उभा होता. वरनं कोंबड्यांनी बघितलं. विजयमालानं पदर तोंडाशी नेला.

"आवं," ती म्हणाली, "आता उतरा म्हनू का चढा?"

रात्रभर त्याची कंबर ठणकली. तिला शिकवण्याचा विषय कुणीच काढला नाही. आता व्हिडिओ कसा होणार, अनुदान कसं येणार, याचा घोर त्यानं एकट्यानं लावून घेतला आणि पहाटेकडं कधीतरी त्याला डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं. खालच्या अंगाला, तळपट्टीकडं, टिलर धडधडत होता. कृष्णात कंबर धरत बाहेर आला, शेवग्याच्या आडोशाला उभा राहिला.

विजयमाला टिलर चालवत होती. साडीचा ओचा खोचलेला, डोक्याला टॉवेल, पाय अनवाणी. मातीत पडणारा तास सरळ नव्हता. पाण्याला निघालेल्या गुरागत तिचा तास कधी इकडं, कधी तिकडं जात होता. पण जात होता. उसाची जुनी खोडं उपटून वर येत होती आणि मागं काळी भुसभुशीत माती उकलत होती. कडेला आली की ती खटका दाबायची आणि थांबायची. नुसती थांबायची. जोर नाही, ओरडा नाही. यंत्र आपलं आपण वळून तिच्यापुढं नव्या तासाला लागायचं. कुणाला वळू द्यायचं असतं हे तिला कुठनं कळलं होतं कोण जाणे. तिच्या घरात वळायला राजी असं दुसरं कुणीच नव्हतं.

तिचे ओठ हलत होते. इंजिनाच्या धडधडीत शब्द बुडत होते. शेवग्याजवळच्या वळणावर यंत्र जरा मंद झालं तेव्हा दोन ओळी तरंगत त्याच्यापर्यंत आल्या:

हळदीच्या पानावरी, दंव बाई थरारलं
माझ्या नावाचं गं रान, मला बघून लाजलं

कृष्णातला पुढं व्हावंसं वाटलं. 'लय झ्याक चालवतीस' एवढंच म्हणायचं होतं, तीन शब्द. त्यानं घसा साफ केला. मग सत्काराला फेटा बांधून उभा राहणारा तो मेजर, पाय न वाजवता मागच्या मागं घरात गेला आणि पांघरूण ओढून झोपेचं सोंग घेऊन पडला. ती येऊन चहा ठेवेपर्यंत तो घोरत होता. जागेपणी माणूस जरा जास्तच घोरतो. तिला कळलं असावं.

भार्गवी दुसऱ्या दिवशी स्कूटरवरनं आली. पाठीला सॅक, डोक्याला स्कार्फ. नानासो, कुणी बोलावलं नसताना, आधीच येऊन बांधावर बसला होता. टिलर तळपट्टीच्या तोंडाशी उभा केला होता. भार्गवीनं त्याला पुढनं, मागनं बघितलं. मग ती झाकणाशी वाकली आणि तिनं मोठ्यानं वाचलं.

"सौ. विजयमाला. छान. मेजर यांच्या सौजन्याने. हे मेजर कोण?"

"मीच," कृष्णात म्हणाला.

"टिलर तुम्ही भेट दिलाय का?"

"न्हाई. म्हंजे... तसं न्हाई."

"मग सौजन्य कशाचं? अर्ज काकूंचा, रान काकूंचं, अनुदान शासनाचं. यात तुम्ही कुठे बसता काका?"

"उकिरड्यात बसतोय त्यो, ताई," नानासो बांधावरनं म्हणाला.

भार्गवीला काही कळलं नाही, पण विजयमाला इतकी हसली की तिला टिलरचा आधार घ्यावा लागला. भार्गवी म्हणाली, "ही खालची ओळ फोटोत नको. वरच्या ऑफिसात मी काय उत्तर देऊ?" मग कृष्णात फडक्यावर डिझेल घेऊन गुडघ्यांवर बसला आणि स्वतःचं सौजन्य स्वतःच्या हातानं पुसू लागला. बिरदेवचा रंग इमानी. निघता निघेना. 'मेजर' लवकर गेला, 'सौजन्य' मात्र फराट्याच्या रूपानं झाकणावर पसरून बसलं.

मग व्हिडिओ. भार्गवीनं मोबाईल समोर धरला. विजयमाला टिलरजवळ उभी राहिली, पदर नीट केला. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"काकू, या पट्टीत आता काय लावणार तुम्ही?"

"हळद," विजयमाला म्हणाली.

"ऊस!" कृष्णात म्हणाला.

दोघं एकदमच म्हणाली. भार्गवीनं मोबाईल खाली केला.

"काका, तुमचा आवाज आला. परत घ्यावं लागेल. तुम्ही बोलायचं नाही."

कृष्णातनं ओठ मिटले. मोबाईल पुन्हा वर. नाव. गाव. "काय लावणार?"

 या वेळी विजयमालानं कृष्णातकडं बघितलं. तो काही म्हणाला नव्हता, पण त्याच्या तोंडावर ऊस उभा होता, चांगला पुरुषभर उंच. सगळा संसार ते तोंड वाचण्यात गेलेल्या बाईला आणखी काय सांगायचं?

"ऊस म्हना ताई," ती म्हणाली. "चालतंय की."

"म्हणा म्हणजे?" भार्गवीनं मोबाईल बाजूला केला. आवाज कडक नव्हता, पण सरळ होता. "काकू, रान तुमचं असेल तर त्यात काय लावायचं हे तुम्ही सांगायचं. आणि तुमचं नसेल, नुसतं नाव असेल, तर मला तसंच लिहावं लागेल. मग अनुदान नाही."

वारा पडला होता. उपटलेल्या मातीचा ओला वास वर येत होता. कृष्णातच्या कानात मात्र तिचं 'चालतंय की' अडकलं होतं. शेवटची भाकरी त्याच्या ताटात वाढून ती 'मला भूक न्हाई' म्हणायची ना, अगदी त्याच आवाजात ती बोलली होती. आणि दरवेळी त्यानं ती भाकरी खाल्ली होती. वर हिला जेवणच कमी लागतं, असं पाहुण्यांना सांगितलंही होतं.

पुढं तो जे बोलला ते अनुदान जाईल या भीतीनं बोलला की आणखी कशानं, हे त्यानं नंतर पुष्कळदा घोळवून बघितलं. दोन्ही होतं. चांगुलपणाला त्याच्या घरी एकट्यानं यायची सवय नव्हती. वाटेत सोबतीला काहीतरी फायद्याचं लागायचं.

"हळद हाय, ताई," तो म्हणाला. "ऊस माझ्या डोस्क्यात हाय. रानात हळदच."

"त्यांनी सांगायला हवं."

"सांगंल की. मी हितं असलो तर सांगनार न्हाई. मी तिकडं जातो."

आणि तो खरंच गेला. बांध ओलांडून नानासोपलीकडं, आवाज पोचणार नाही इतक्या लांब जाऊन तो पाठमोरा उभा राहिला. लांबनं त्याला इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं. टिलर पट्टीत उतरला. तो वळून बघणार नव्हता. पहिल्या वळणालाच त्यानं बघितलं.

"ऊस गेला की रं मेजर," नानासो म्हणाला.

"गेला."

"आन टिलर?"

"त्यो काल पहाटंच गेलाय, गड्या. तवा तू झोपला हुतास. मीबी झोपलो हुतो," कृष्णात म्हणाला. मग जरा बारीक आवाजात, पण या वेळी खोकल्यागत वाटणार नाही अशा, तो म्हणाला, "झोपलो न्हवतो. सोंग घेतलं हुतं."



वैशाखात दोघं हळदीचं बियाणं आणायला तासगावाकडं गेली. एका बाईच्या शेडमध्ये बेण्याचा ढीग पडला होता, मातीच्या रंगाचा, आतनं केशरी. विजयमाला ढिगाच्या कडेला मांडी घालून बसली. एकेक गड्डा उचलायची, नखानं खरवडायची, नाकाशी धरायची. काही उजवीकडं, काही डावीकडं. उन्हाची एक तिरीप पत्र्याच्या भोकातनं तिच्या बोटांवर पडली होती आणि बोटं आधीच पिवळी व्हायला लागली होती. माहेरच्या रस्त्याला लागल्यापासून ती फारसं बोलली नव्हती. गुणगुणत होती.

शेडची मालकीण वजनकाट्याशी उभी होती. रीत अशी की भाव, वजन, भरणं बाप्याला विचारायचं. तिनं कृष्णातला हाक मारली.

"दादा, किती भरू? आन गड्डा पायजे का अंगठा?"

कृष्णातनं छाती पुढं काढली. उत्तर द्यायला तोंड उघडलं. गड्डा म्हणजे काय आणि अंगठा म्हणजे काय, यातलं त्याला ओ का ठो ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसण्यानं त्याचं आजवर काही अडलं नव्हतं, हे त्याच्या उघड्या तोंडानंच त्याला सांगितलं. त्यानं ते मिटलं.

"जरा थांबा," तो म्हणाला. "इचारून सांगतो."

तो ढिगाकडं गेला. विजयमाला एक बेणं कानापाशी नेऊन मोडत होती, कसं वाजतंय ते ऐकत. कृष्णातला सवयीनं खाकरायचं होतं. तो खाकरला नाही. पोतं काखेत धरून, ती वर बघेपर्यंत तो तिथं नुसता उभा राहिला.